पांढऱ्या उंदरांचं पडसं

आमचे घरमालक माणसाशी बोलण्याआधी त्याचा श्वास ऐकत. मी शहाद्याच्या कचेरीत कारकून म्हणून बदलून आलो आणि खोल्या बघायला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, जात, नोकरी यांतलं काहीही विचारलं नाही. डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली आणि मी उन्हातून चालून आल्यामुळे जी धाप टाकत होतो ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "डावा नाकमातून वारा कमी जास तुम्हना. लहानपने पडेल व्हतात का?"

लहानपणी मी ओट्यावरून तोंडावर आपटलो होतो. तसं सांगितलं. "मंग ऱ्हा आठे," म्हणाले आणि किल्ली काढून दिली.

गल्लीत त्यांना सगळे आबा म्हणत. मीही म्हणू लागलो. साठीच्या पुढचे, उंच, वाळकुडे, डोक्याला कायम लाल पागोटं. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. उभा जन्म त्यांनी सरकारी सलोत्र्याच्या, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरच्या, हाताखाली काढला होता. औषध लिहून देणारा साहेब वेगळा. घोड्याच्या बरगडीला कान लावून आतलं काय ते सांगणारे आबा. साहेब बदलत गेले, कान तोच राहिला, असं ते स्वतःच सांगत आणि त्यात बढाई आहे हे त्यांच्या गावीही नसे.

पेन्शनीत निघाल्यावरही दर मार्गशीर्षात ते सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जात. घ्यायचं काही नाही, विकायचं काही नाही. विकायला उभ्या केलेल्या घोड्याजवळ जायचं, परवानगी न मागता कान लावायचा आणि गिऱ्हाइकाच्या देखत मोठ्यांदा सांगायचं, "दमेकरी शे. लेवू नका." व्यापारी त्यांना लांबून बघितलं की जिलबीच्या दुकानात नेऊन बसवत आणि उठू देत नसत. आबांना वाटे, जुनी ओळख म्हणून मान देतात.

असल्याच एका बाजारातून ते पांढऱ्या उंदरांची जोडी घेऊन आले. कुणी खेळवाला चिमुकल्या गाडीला उंदीर जुंपून दाखवत होता. त्यातली मादी शिंकली. आबांनी ती उचलून कानाशी धरली, खेळवाल्याला चार शब्द ऐकवले आणि जोडी घेऊनच परतले. मी राहायला गेलो तोवर जोडीचे अकरा झाले होते. सगळे सारखे पांढरे, सारखे लालबुंद डोळे. पण नावं घोड्यांची. पंचकल्याणी, कुमैत, अबलख, असली. अबलख म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा घोडा. त्या उंदरीच्या अंगावर औषधालासुद्धा ठिपका नव्हता. मी तसं म्हणालो तर आबा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले.

रोज सकाळी ओसरीवर त्यांची हजेरी चाले. एकेक उंदीर ओंजळीत घ्यायचा, पाठ कानाकडे करून धरायचा, उजवी बाजू ऐकायची, मग डावी. "घोडाले कान लावनं पडस, उंदीर कानले लावनं पडस. बाकी फुप्फुस ते फुप्फुसच," हे मी शंभरदा ऐकलं. आत काही वाजत नसलं की ते उंदराला पिंजऱ्यात सोडत आणि म्हणत, "जाय, खाय." वाजत असलं की काहीच न बोलता वेगळ्या टोपलीत ठेवत. अबलख, म्हणजे खेळवाल्याकडची ती मूळची मादी, कायम टिकटिक वाजायची. घड्याळ कानाशी धरावं तसं, म्हणून त्यांनी मलाही ऐकवलं. ती टिकटिक कधी जाणार नव्हती. "बरी व्हत नही. सुखी ऱ्हास," ते म्हणत. म्हातारी वेगळ्या टोपलीत सुखी होती.

माझ्या बायकोला या प्रकाराची मनापासून किळस होती. ती नाशकाकडची. उंदीर दिसला की केरसुणी उचलायची हे तिला घरी शिकवलेलं, आणि इथे वरच्या मजल्यावर उंदरांना दूध-भाकरी. त्यातून तिने फोडणीत मिरची टाकली की वर उंदीर शिंकत आणि आबा खाली दारात येऊन उभे राहत. "बाई, जरासा धूर कमी." झाडायचं तर आधी पाणी शिंपडून, का तर धूळ उडते. मला गच्चीवरसुद्धा बिडी ओढता येईना. बायको म्हणायची, "आपण उंदरांच्या घरात पोटभाडेकरू आहोत." ते काही खोटं नव्हतं.

आता प्लेगचं सांगायला हवं, कारण त्या वर्षांत उंदीर आणि प्लेग हे दोन शब्द कुणी वेगळे उच्चारत नसे. घरात उंदीर मरून पडला, की "उंदीर पडले" म्हणून हाकाटी व्हायची आणि अख्खी गल्ली, कधी अख्खं गाव, बाडबिस्तरा उचलून शेतात झोपड्या बांधून राहायचं. कचेरीत त्याची वर्दी द्यायची सक्ती होती. वर्दी आली की शिपाई येऊन घरं खाली करून कुलपं घालत. आमच्या कचेरीत त्या वर्द्या लिहून काढण्याचं काम माझ्याकडे होतं.

आणि आमचं पहिलं मूल अशा झोपडीत जन्मलं होतं. आदल्या वर्षी बायको बाळंतपणाला माहेरी गेली, ते गाव बाहेर पडलं आणि थंडीत, तट्ट्याच्या आडोशाला ती बाळंत झाली. मुलगा होता. त्याच्या छातीत कफ भरला. नवव्या दिवशी गेला. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी त्याला पाहिलंच नाही. बायको त्याबद्दल बोलत नसे. यंदा पुन्हा दिवस भरत आले, माहेरच्या गावात पुन्हा प्लेग, तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "मी इथेच बाळंत होईन. भिंतींच्या घरात." सुईण शेजारचीच होती. गल्ली तिला मोठी माय म्हणे. ती येऊन पोट बघून गेली होती आणि पंधरा दिवसांच्या आतबाहेर, असं तिचं म्हणणं होतं.

पौषात थंडी फार पडली. आबांनी उंदरांना गारठा लागू नये म्हणून पिंजऱ्यातून काढून रॉकेलच्या एका मोठ्या डब्यात ठेवलं, खाली सरकी काढण्याच्या जिनातून आणलेला कापूस भरला, वर झाकण लावून त्याला चार भोकं पाडली आणि वरून घोंगडी टाकली. खाणं टाकण्यापुरतंच झाकण उघडायचं, म्हणून हजेरीही बंद होती. आठ दिवसांनी सकाळी ती पुन्हा भरली तेव्हा मी ओसरीवर होतो. आबांनी पहिला उंदीर कानाशी धरला आणि खाली ठेवला. दुसरा धरला, ठेवला. "जाय, खाय" काही ऐकू येईना. सगळ्यांचे केस पिंजारलेले, पाठीला कुबड, नाकं ओली, पुढच्या पायांनी सारखं नाक पुसणं चाललेलं. दोघांच्या कुशी श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. अबलखची टिकटिक तर हातभरावरून ऐकू येत होती.

दुपारी त्यांतले दोन मेले. आबांनी ते उकिरड्यावर न टाकता परसात आणले आणि उघड्या हातांनी त्यांची जबड्याखालची, काखेतली, जांघेतली जागा चाचपू लागले. त्याच वेळी मोठी माय परसाच्या दारातून आत आली.

"दोन उंदीर मरनात," ती किंचाळलीच. "मन्हा डोयाघाई देखं मी! आबा, तुम्ही हात लायी ऱ्हायनात त्यास्ले?"

"गाठ नही शे," आबा म्हणाले. "प्लेग नही. पडसं शे."

"उंदीरले पडसं?" मोठी मायने माझ्याकडे पाहिलं, मग आत दाराशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे. "बाई, मी आते हाई घरमा पाय ठेवाव नही."

तासाभरात गल्ली ओसरीसमोर गोळा झाली. आबांनी सगळ्यांसमोर तो डबा आणला, झाकण काढलं आणि आत तोंड घातलं. वर काढलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुताचा वास इतका उग्र होता की मलाही दोन हातांवरून झोंबला. आबा ओसरीवर मटकन बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मन्हीच चूक शे," ते म्हणाले. "जनमभर लोकेस्ले सांगं, तबेला बंद करू नका, मुतना वास कोंडस, घोडा खोकस. आन आपला उंदीर मी डबामा कोंडी ठेवात. वर आखो कापूसनी धूळ."

लोकांना हे पटेना. पटावं तरी का? प्लेगच्या हंगामात मेलेला उंदीर पडशाने मेला, असं उंदीर पाळणाराच सांगतोय. कुणी म्हणालं, वर्दी द्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वर्दी द्यायची म्हणजे उद्या सकाळी घर खाली, आणि बायको पुन्हा तट्ट्याच्या आडोशाला. नाही द्यायची आणि खरंच प्लेग निघाला, तर ती गल्ली माझ्या डोक्यावर. कारकुनाला गप्प राहण्याची सवय असते.

आबाच उठले. गोमाई नदीच्या पलीकडे त्यांचं थोडं वावर होतं, राखणीची झोपडी होती. म्हणाले, "मी उंदीर लिसन वावरमा जास. दहा दिन. मन्हा हात लागेल शेतस, प्लेग व्हई ते पहिले मले धरी. मी मरनू ते तुम्ही बाहेर पडा. मी जित्ता ऱ्हायनू ते सगळा घरमाच ऱ्हा."

मोठी माय म्हणाली, दहा दिवस ती वाट बघेल, पण मधे बाई अडली तर येण्याचं वचन नाही. आबा नऊ उंदीर तीन टोपल्यांत घालून, घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेले. मी आत जाऊन वर्दी लिहिली, तारखेची जागा कोरी सोडली आणि घडी करून खिशात ठेवली. अशी वर्दी खिशात ठेवणं गुन्हा होता. ते मला चांगलं माहीत होतं, कारण तो नियम मीच दर महिन्याला नकलून काढत असे.

हिवाळ्यात गोमाई रोडावलेली असते, ओरडलं तर पलीकडे ऐकू जातं. रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी मी अलीकडच्या काठावर उभा राहून हाक मारायचा आणि आबा झोपडीबाहेर येऊन जबाब द्यायचे. आपली तब्येत ते सांगतच नसत. "पंचकल्याणीनं नाक सुकं शे! कुमैत खात नही! अबलख तशीच!" धुणं धुणाऱ्या बाया पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मला विचारू लागल्या की कुमैतने काही खाल्लं का.

तिसऱ्या दिवशी आबांनी पलीकडून ओरडून सांगितलं, "कुमैत गया!"

सांगायला नको होतं, असं मला आजही वाटतं. पण ते लपवणारे नव्हते. दुपारपर्यंत गल्लीत दोन घरांच्या बैलगाड्या दारात उभ्या राहिल्या. मोठी माय आपल्या परसाच्या दाराला आतून कडी घालून बसली. मी कचेरीतून लवकर परतलो तो खिशातला कागद चाचपतच. बायकोने माझा हात पाहिला. म्हणाली, "आधी मला नदीवर न्या."

भरल्या दिवसांची बाई, पण ती काठापर्यंत चालत आली. पलीकडे आबा उन्हात बसून टोपल्यांतला कडब्याचा पाला बदलत होते. तिने पहिल्यांदाच त्यांना थेट हाक मारली. "आबा, मी आहे. खरं सांगा. प्लेग आहे का?"

आबा उभे राहिले. हातातला पाला खाली टाकला. मला वाटलं, आता धीर देतील. कुणीही दिला असता.

"कुमैतले गाठ नही व्हती," ते ओरडले. "मन्ह मन सांगस, पडसं शे. पण बाई, खातरी परवा, बाकीना खावाले लागनात ते. आज मी सांगाव नही. आज मी जित्ता शे, एवढंच."

मला संताप आला. अवघडलेल्या बाईला असं कुणी सांगतं का? पण बायकोच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला दिसला. "मग परवापर्यंत थांबू," ती म्हणाली. वाटेत मी काहीबाही बोलत राहिलो, तेव्हा म्हणाली, "गेल्या वर्षी मला सगळ्यांनी सांगितलं होतं, काही होणार नाही. वैद्याने, आईने, सगळ्यांनी. हा माणूस माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो." त्या मुलाबद्दल ती माझ्याशी बोलली ती तेव्हा, पहिल्यांदा. मी रस्त्यातच उभा राहिलो. मला रडू आलं. ती पुढे चालत राहिली.

परवाच्या सकाळी पलीकडून आरोळी आली ती हसरी होती. आठांपैकी सहा खात होते. गाड्यांचे बैल सुटले. त्यांनी काय उपचार केले ते मला नंतर कळलं, आणि त्यात जादू काही नव्हती. तट्ट्याच्या उघड्या टोपल्या, पण वाऱ्याच्या तोंडावर नाही. खाली कापसाऐवजी कोरडा पाला, तोही दिवसातून दोनदा नवा. आजारी वेगळे, बरे वेगळे. सकाळचं कोवळं ऊन. गरम पाण्याच्या भांड्यावर टोपली धरून, वरून धोतर टाकून जराशी वाफ. अडुळशाचा रस मधात कालवून वातीच्या टोकाने एकेक थेंब. ज्याला चावून खाता येत नाही त्याला दुधात भिजवलेली भाकरी. आणि प्रत्येकाला दिवसातून चार वेळा कानाशी धरणं. निम्मा गुण मोकळ्या हवेचा, असं आबा म्हणत. उरलेला निम्मा कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी मोठी मायच्या दारावर थाप मारली. तिने दार किलकिलं करून एकच विचारलं, "आबा बोलनात का आज?"

"बोलले. पंचकल्याणी पळत होती म्हणाले."

मोठी माय हातावर पाणी घेत बाहेर आली. दुपारी, ऊन अंगणात असताना, मुलगी झाली. भिंतींच्या घरात.

अकराव्या दिवशी आबा परतले. नदीत अंघोळ, झोपडीतले कपडे तिथेच जाळलेले, अंगावर नवं धोतर, पागोटं मात्र तेच. टोपल्यांत आठ उंदीर. मी खिशातली वर्दी काढली, तिच्या बारीक पट्ट्या केल्या आणि पिंजऱ्यात अंथरायला त्यांना दिल्या. त्यांनी काय लिहिलंय ते वाचलं नाही. कागदाला धूळ नाही ना, एवढं बोटाने पाहिलं.

त्या सकाळी मुलगी शिंकली होती. एकदा, मग पुन्हा दोनदा. तान्ही मुलं शिंकतातच, हे आता मला कुणीही सांगेल. तेव्हा मला पहिल्या मुलाचा कफच आठवला. सोयेर होतं, चौथाच दिवस, बाहेरच्या माणसाने शिवायचं नव्हतं. पण ती मुलीला घेऊन ओसरीवर आली आणि आबांसमोर उभी राहिली. मोठी माय मागून हां हां म्हणत राहिली.

"आबा, ऐका."

आबा मागे सरकले. "मी जनावरेस्ना माणूस शे, बाई. डॉक्टर बलावा."

"तुम्हीच ऐका," ती म्हणाली. "आणि जे असेल ते सांगा."

आबांनी हात धोतराला पुसले. मग पुन्हा पुसले. मुलीला दोन्ही ओंजळींत घेतलं, पाठ कानाकडे करून धरली आणि डोळे मिटले. आधी उजवी बाजू. मग डावी. गल्लीत कुणीतरी बोलत होतं, त्याला मोठी मायने हाताने गप्प केलं. आबांनी पुन्हा उजवी बाजू ऐकली, आणि मला वाटलं, संपलं. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने एकदाही पापणी हलवली नाही.

आबांनी डोळे उघडले आणि मुलगी तिच्या हातांत परत दिली.

"जाय," ते मुलीला म्हणाले, "खाय."

बायकोने पदर ओढून घेतला आणि मुलीला पाजायला आत गेली.